लघवीला जळजळ, कंबरेत दुखणं आणि साडेतीन मिलिमीटरचा खडा

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. वय २७, राहायला मुंबईत भांडुप, नोकरी अंधेरीच्या सीप्झ उद्योगवसाहतीत, रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून बाइकने ये-जा. अडीच महिन्यांपासून लघवी करताना टोकाशी जळजळ, तासा-तासाला जावंसं वाटणं, जाऊन आल्यावरही थेंब राहिल्यासारखं वाटणं, आणि कंबरेत सतत बारीक दुखणं. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स (पांढऱ्या पेशी) २-४. सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या खालच्या भागात ३.५ मि.मी.चा खडा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारा आकडा) १.२. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पहिला फॅमिली डॉक्टरांचा, दुसरा केमिस्टने दिलेला. दोन्ही वेळा आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा तेच सुरू. तुम्ही विचारताय की किडनी खराब होतेय का, खडा काढून टाकावा का, मित्र म्हणतो तसा हा धातू (वीर्य) जाण्याचा प्रकार आहे का, आणि मार्गशीर्षातलं लग्न पुढे ढकलावं का.

किडनीचं आधी सांगून टाकतो, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. बहुतेक लॅबमध्ये पुरुषांसाठी क्रिएटिनिन साधारण १.२ ते १.३ पर्यंत नॉर्मल धरतात. तुम्ही जिमला जाता आणि क्रिएटिन (स्नायूंसाठीची पावडर) घेता असं तुम्हीच लिहिलंय. क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं. स्नायू जास्त असतील, वरून क्रिएटिन चालू असेल, तर किडनी उत्तम असूनही आकडा थोडा वर दिसतो. महिनाभर क्रिएटिन बंद ठेवून, तपासणीच्या दोन दिवस आधीपासून जड व्यायाम टाळून पुन्हा रक्त द्या. लघवीत प्रोटीन नाही, सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांचा आकार ठीक आहे आणि सूज नाही, एवढं असेल तर ‘किडनी चालली’ ही भीती इथेच सोडा. त्यापेक्षा कंबरेसाठी रोज ॲसिक्लोफिनॅक घेताय त्याची मला जास्त काळजी वाटते. असल्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे घेणं, तेही पाणी कमी पडणाऱ्या उन्हाळ्यात, याने किडनीला खरोखर इजा होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. लघवीचा त्रास आणि कंबरदुखी एकाच सुमारास सुरू झाली, म्हणून दोन्हींचं मूळ एकच आणि ते मूळ म्हणजे सोनोग्राफीत दिसलेला खडा, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. बहुतेक जण तोच मांडतात. मी ओपीडीत आधी दोन्ही तक्रारी वेगळ्या करतो, प्रत्येकीची स्वतंत्र चौकशी करतो, आणि मगच त्या जुळतात का ते पाहतो. तरुण मुलांमध्ये बऱ्याच वेळा त्या जुळत नाहीत. जुळतात तेव्हा जोडणारा दुवा सहसा किडनीत नसतो.

कंबरेपासून सुरू करू. दुखतं कुठे, ते मी तोंडाने सांगायला लावत नाही, हात ठेवून दाखवायला सांगतो. किडनी पाठीत बरीच वर असते, शेवटच्या बरगडीच्या आसपास, मणक्याच्या बाजूला. तिचं दुखणं कुशीत असतं, सहसा एकाच बाजूला, आणि कूस बदलली, वाकलात, ताठ बसलात तरी त्यात फरक पडत नाही. पट्ट्याच्या रेषेवर दोन्ही बाजूंना पसरलेलं, दिवसभर खुर्चीत बसून किंवा ट्रॅफिकमध्ये बाइकवर वाकून संध्याकाळी वाढणारं, आडवं झालं की हलकं होणारं दुखणं स्नायूंचं आणि मणक्याच्या सांध्यांचं. तुम्ही लिहिलंय, ‘शनिवार-रविवार बरं असतं.’ किडनी सुट्टीचा दिवस ओळखत नाही.

याच्या उलट चित्र असेल तर मात्र मी सावध होतो. पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास तरी पाठ आखडलेली असते, चालल्या-फिरल्यावर मोकळी होते आणि विश्रांतीने वाढते, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर ते अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येणाऱ्या आजाराच्या जातीचं असू शकतं. हा आजार सहसा विशी-तिशीत सुरू होतो आणि वर्षानुवर्षं ‘मसल पेन’ म्हणून दाबला जातो. याच जातीतला एक प्रकार मूत्रमार्गाच्या किंवा पोटाच्या इन्फेक्शननंतर काही आठवड्यांनी उद्भवतो: लघवीला जळजळ, पाठ किंवा गुडघा-घोटा दुखणं, कधी डोळे लाल. लघवी आणि पाठ यांना खरोखर जोडणारा दुवा असतो तो असा. असं काही असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञाकडे) जा.

मुंबईत क्षयाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मणक्याचा क्षय बऱ्याचदा पाठ-कंबरदुखीनेच सुरू होतो, आणि किडनी-मूत्राशयाचा क्षय वारंवार लघवी, जळजळ आणि रिपोर्टमध्ये पस सेल्स असूनही कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) कोरं, असा दिसतो. तुमच्या पस सेल्स वाढलेल्या नाहीत, वजन घटलेलं नाही, संध्याकाळचा ताप नाही, त्यामुळे ही शक्यता कमी आहे. तरी केमिस्टने दिलेल्या कोर्सवर मला इथे बोलावंच लागेल. त्याने तुम्हाला ओफ्लॉक्सासिन दिलं. या गटातली औषधं क्षयाच्या जंतूंवरही थोडं काम करतात. त्यामुळे क्षय असलाच तर काही दिवस बरं वाटतं, सगळे जंतू मरत नाहीत, आणि निदान महिनोन्महिने लांबतं. शिवाय या औषधांनी स्नायूबंध दुखावतात, टाचेमागचा तर क्वचित तुटतोसुद्धा. जिमला जाणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही.

आता खडा. किडनीच्या खालच्या कप्प्यात गप्प बसलेला ३.५ मि.मी.चा खडा सहसा दुखत नाही, आणि तिथे बसून लघवीच्या टोकाशी जळजळ तर करत नाहीच. भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी केली तरी असे खडे सापडतात. खडा त्रास देतो तो खाली सरकून मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयात येणाऱ्या नळीत अडकला की. तेव्हाचं दुखणं बारीक नसतं. कुशीतून सुरू होऊन जांघेकडे, अंडकोषाकडे उतरतं, लाटेसारखं येतं, माणूस एका जागी पडून राहू शकत नाही, उलट्या होतात, लघवी लालसर दिसते. असा प्रसंग तुमच्यावर आलेला नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायचा. खडा मूत्रवाहिनीच्या अगदी शेवटी, मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन थांबला तर तो हुबेहूब तुमच्यासारखी लक्षणं देतो: सारखं जावंसं वाटणं, टोकाशी जळजळ, पाठीत मंद कळ. आणि या ठिकाणचा खडा सोनोग्राफीत हुकू शकतो, मूत्राशय नीट भरलेलं नसेल तर जास्तच. त्यामुळे दुखणं एकाच बाजूला असेल किंवा लघवीत लाल पेशी असतील, तर कॉन्ट्रास्ट न देता करायचा सीटी स्कॅन, तोही कमी रेडिएशनचा, मी करून घेतो. दोन्ही नसेल तर घाईने करत नाही. खडा सापडलाच तरी ५ मि.मी.पर्यंतचे बहुतेक खडे चार-सहा आठवड्यांत आपले आपण पडतात. तुमच्या किडनीतला खडा काढण्याची मला आज गरज दिसत नाही. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करून त्याची वाढ बघितली की पुरे.

खड्यावरच्या घरगुती उपायांबद्दल विचारलंत म्हणून थोडंसं. टोमॅटोच्या बियांनी खडा होत नाही. दूध बंद करू नका, कारण अन्नातलं कॅल्शियम कमी केलं की आतड्यातून ऑक्झलेट (खडा बनवणारा क्षार) जास्त शोषलं जातं आणि खडे वाढू शकतात. मीठ मात्र कमी करा, लोणचं, पापड, फरसाण धरून. लिंबूपाणी चांगलं, साखर न घालता. हुलग्याचं कळण आवडत असेल तर खुशाल प्या, त्याने खडा विरघळेल ही अपेक्षा ठेवू नका. बिअरने खडा पडतो असं सांगणारे मित्र प्रत्येक ऑफिसात असतात. पण बिअर किंवा एकदम भरपूर पाणी प्यायल्यावर दर वेळी एकाच कुशीत दुखून येत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. किडनीच्या तोंडाशी जन्मतःच अरुंद भाग असला की असं होतं, आणि त्याची वेगळी तपासणी असते.

लघवीच्या बाबतीत मी पहिल्या भेटीत बहुतेकांना एक काम देतो, आणि निम्मं निदान त्यातच होतं. स्वयंपाकघरातलं मापाचं प्लास्टिकचं भांडं घ्या, वेगळं ठेवा, आणि तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहा. काय प्यायलात तेही लिहा. सलग तीन दिवस घरी नसाल तर शनिवार-रविवार धरून करा. निरोगी माणसाला एका वेळी साधारण २५० ते ४०० मि.ली. होते, चोवीस तासांत दीड ते अडीच लिटर. तुमची बेरीज ३ लिटरच्या वर गेली तर मूत्राशयाला दोष देऊ नका. ‘भरपूर पाणी प्या’ या सल्ल्यावरून तुम्ही दिवसाला पाच-सहा लिटर पिताय, वर सहा कप चहा आणि जिमआधीची कॅफिनवाली पावडर. एवढं आत गेल्यावर तासाला जावं लागणारच. लघवी दोन-अडीच लिटर होईल एवढंच पाणी हवं, आणि ते दिवसभरात विभागून. बेरीज जास्त असेल तर रक्तातली साखरही तपासा. सत्तावीस वय डायबेटिससाठी लहान आहे असं आता कुणी समजू नये.

उलट बेरीज दोन लिटर आणि दर वेळी जेमतेम ८०-१०० मि.ली., पण रात्री झोपल्यावर सहा तास एकदाही उठावं लागत नाही, असं निघालं तर त्याचा अर्थ वेगळा. मूत्राशय लहान झालेलं असतं तर त्याने रात्रीही उठवलं असतं. जागेपणीच घाई करणारं मूत्राशय म्हणजे त्याच्या आजूबाजूचे स्नायू आणि नसा चाळवलेल्या आहेत. पुढचा मुद्दा तोच आहे, पण त्याआधी तुमच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टकडे पुन्हा पाहू.

लॅबने तुमच्याकडून मधल्या धारेची लघवी घेतली. मूत्राशयातलं इन्फेक्शन शोधायला तेच बरोबर. पण मूत्रमार्गाची सूज असेल तर तिथल्या पेशी आणि जंतू पहिल्या धारेबरोबर वाहून जातात आणि बाटलीत पोचतच नाहीत. क्लॅमिडियासारखा संसर्ग असा नजरेतून सुटतो. त्यासाठी किमान तासभर लघवी न करता, पहिल्या धारेचे सुरुवातीचे थोडेसे मि.ली. घेऊन नाट प्रकारची (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी करतात. लैंगिक संबंधांबद्दल तुम्ही ‘तसं काही विशेष नाही’ एवढं लिहून थांबलात. मी त्यातून काही अर्थ काढत नाही, पण तुमच्या डॉक्टरांना खरं सांगा. गनोरियात दोन ते सात दिवसांत पिवळा पू दिसतो, तो सहसा लपत नाही. क्लॅमिडियात एक ते तीन आठवड्यांनी नुसती जळजळ, सकाळी जरासा चिकट ओलावा, कधी तेवढंही नाही. ओरल संबंधातूनही संसर्ग होतो. महापालिकेच्या आणि सरकारी मोठ्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, कुणी प्रवचन देत नाही. माहितीसाठी १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. एचआयव्ही आणि व्हीडीआरएलही (सिफिलिसची तपासणी) त्याच वेळी करून घ्या.

पहिल्या कोर्सबद्दलही एक गोष्ट. तुम्हाला नायट्रोफ्युरँटॉइनबरोबर जळजळ कमी करणारं गुलाबी सिरप दिलं होतं. ते सिरप लघवी अल्कधर्मी करतं आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं, म्हणजे एकाने दुसऱ्याचे पाय ओढायचे. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन प्रोस्टेटपर्यंत (पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी) पुरेसं पोचत नाही. मुळात कल्चर न करताच दिलेलं होतं, त्यामुळे तेव्हा जंतू होते की नव्हते ते आता कळायला मार्ग नाही. तरुण पुरुषाला मूत्राशयाचं इन्फेक्शन तसं कमी होतं, कारण मूत्रमार्ग वीसेक सेंटिमीटर लांब असतो. आणि झालं तर ते का झालं हे शोधावं लागतं. म्हणून आधी कल्चर, मग गोळी.

मग दोन्ही वेळा बरं का वाटलं? काही अँटिबायोटिक सूजही थोडी कमी करतात. काही त्रास आपोआप चढतो-उतरतो, आणि गोळ्या माणूस चढल्यावरच घेतो, उतरणं गोळीच्या खात्यात जमा होतं. तिसरा कोर्स घेऊ नका.

आता तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शक्यता कशाची वाटते ते सांगतो. तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही, हे धरून चाला. बाकीचं नाही हे सिद्ध झालं तर हे क्रॉनिक प्रोस्टेटायटिस किंवा क्रॉनिक पेल्व्हिक पेन सिंड्रोम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचं जुनाट दुखणं, निघेल असा माझा अंदाज आहे. नावात प्रोस्टेट असलं तरी बहुतेकांच्या प्रोस्टेटमध्ये जंतू नसतात. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी जडपणा, शिश्नाच्या टोकाशी जळजळ, कंबरेत आणि ओटीपोटात दुखणं, वीर्यपतनानंतर त्रास वाढणं, बसून वाढणं, ही याची ठेवण. तीन महिने टिकलं की हे नाव देतात. यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले असतात. रोज तासभर बाइकच्या सीटवर, खड्ड्यांचे धक्के खात, लघवी दाबून धरत. मग आठ-नऊ तास खुर्चीत. मग जिममध्ये श्वास कोंडून वजन उचलायचं. त्यात लग्न आणि किडनीची चिंता. हे स्नायू सैल कधी होणार? आणि तेच स्नायू कंबरेच्या हाडांना जोडलेले आहेत, त्यामुळे कंबर आणि लघवी यांचा दुवा इथे सापडतो.

उपचारात एकच गोळी नसते. लघवीचा मार्ग सैल करणारं टॅम्सुलोसिनसारखं औषध काही आठवडे, गरज वाटली तर नसा शांत करणारी रात्रीची छोटी गोळी, ही दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माझ्या अनुभवात खरा फरक पडतो तो पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे याच तळाच्या स्नायूंचं काम येणाऱ्या फिजिओथेरपिस्टमुळे. मुंबईत आता असे लोक मिळतात. फोनवर आधीच ‘पुरुष पेशंट घेता का’ विचारा. इंटरनेटवर बघून कीगल व्यायाम सुरू केलेत ते बंद करा. ते सैल स्नायू आवळण्यासाठी असतात, तुमचे आधीच आवळलेले आहेत. रात्री दहा मिनिटं गरम पाण्याच्या टबात बसा, टब नसेल तर गरम पाण्याची पिशवी. तीन आठवडे बाइक घरी ठेवून भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि पुढे सीप्झ असं जाऊन बघा. गर्दी असेल, पण उभे राहाल. बाइक सोडल्यावर त्रास निम्म्याने उतरला तर ती माहिती कुठल्याही स्कॅनपेक्षा मोलाची.

शेवटचे थेंब राहतात त्यावर सोपी युक्ती आहे. लघवी झाल्यावर अंडकोषांच्या मागे दोन बोटांनी हलका दाब देऊन पुढे सरकवा, मार्गाच्या वळणात साचलेली लघवी निघून जाते. धारच बारीक झाली असेल, जोर करावा लागत असेल, किंवा पूर्वी कधी त्या जागी मार लागला असेल वा कॅथेटर घातला असेल, तर युरोफ्लोमेट्री (लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी) करा. मूत्रमार्ग अरुंद झालेला असला तर ते त्यात लक्षात येतं.

धातूबद्दल. लघवीत कधी पांढरट दिसतं ते बहुधा फॉस्फेटचे कण असतात. हस्तमैथुनाने कंबर कमजोर होत नाही, किडनी तर नाहीच. ही भीती आपल्याकडे इतकी जुनी आणि पसरलेली आहे की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं वैद्यकीय नावच दिलं. यावर विकली जाणारी चूर्णं घेऊ नका. त्यात काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं असेलच असं नाही.

एक तपासणी मात्र आज अंघोळीच्या वेळी स्वतः करा. दोन्ही अंडकोष बोटांनी चाचपून बघा. दगडासारखी कडक, न दुखणारी गाठ लागली तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. अंडकोषाचा कॅन्सर बहुधा तरुणपणी होतो, पोटातल्या मागच्या गाठींत पसरला की कंबरदुखी हेच पहिलं लक्षण असू शकतं, आणि वेळेत पकडला तर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. कंबरेच्या एक्स-रेत तो दिसत नाही.

आता क्रम. तीन दिवसांची नोंद, लघवीची रूटीन आणि कल्चर पुन्हा, पण शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान दोन आठवड्यांनी, पहिल्या धारेची नाट, साखर, क्रिएटिनिन. हे कागद घेऊन युरोलॉजिस्टकडे. पस सेल्स वाढलेल्या आणि कल्चर कोरं असेल तर सकाळच्या लघवीची क्षयासाठी सीबीनाट. कंबरेचा एमआरआय सध्या नको. त्यात काहीतरी निघेलच आणि नवी चिंता मागे लागेल.

वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जायचं ते अशा वेळी: थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, लघवी तुंबणं, अंडकोषात अचानक तीव्र कळ (हिच्यात सहा तासांच्या आत ऑपरेशन लागू शकतं), किंवा कंबरदुखीबरोबर पायात अशक्तपणा, बसायच्या जागेला बधिरपणा आणि लघवी-शौचावरचा ताबा जाणं. केईएम, सायन, नायर, कूपर इथली कॅज्युअल्टी रात्रीही चालू असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून गेल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या आणि कंबर दुखणं, लघवी कमी होणं असं झालं तर ते लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतं. त्याला लघवीचं इन्फेक्शन समजून घरी बसू नका.

राहिलं लग्न. नाट निगेटिव्ह आली तर पुढे ढकलायचं काहीच कारण नाही. पेल्व्हिक पेन संसर्गजन्य नाही, त्याने मूल होण्यात सहसा अडचण येत नाही, आणि लग्नापर्यंत तो पूर्ण गेला नाही तरी निम्म्यावर आलेला असेल अशी आशा धरायला जागा आहे. पॉझिटिव्ह आली तर काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा आजार आहे. मात्र आधीच्या जोडीदारालाही सांगावं लागेल आणि तिनेही औषध घ्यायला हवं. औषध संपल्यावर सात दिवस संबंध नकोत, आणि तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा. एचआयव्हीची तपासणी दोघांनी मिळून करून घ्या असं मी लग्न ठरलेल्या प्रत्येक जोडप्याला सांगतो, त्यामुळे होणाऱ्या बायकोपुढे विषय काढायला तुम्हाला वेगळं निमित्त शोधावं लागणार नाही.